आप्पांचा शिक्का

पडद्यावरचे नायक-नायिका एकमेकांच्या जरा जास्तच जवळ आले की आमच्या आप्पाकाकांना तहान लागते. "धाकटे, पाणी आण गं!" धाकटी स्वयंपाकघरात जाऊन येईपर्यंत ती दोघं सभ्य अंतरावर गेलेली असतात. आलेल्या पेल्याकडे आप्पा ढुंकूनही बघत नाहीत. एका सिनेमाला टीपॉयवर असे तीन-चार पेले जमतात आणि सकाळी ते तुळशीला जातात. तुमची तुळस एवढी कशी फोफावते, असं शेजारच्या वहिनी विचारतात. काय सांगणार?

आप्पा टपाल खात्यातून निवृत्त झाले. आई लहानपणीच गेली, आत्याबाईंनी वाढवलं, त्यांनीच चिकटवून दिलं आणि मग आप्पांनी जन्मभर शिक्के मारले. हाताची सवय जात नाही. हल्ली ते सिनेमांवर मारतात. शेरे तीनच: 'चालेल', 'चालणार नाही' आणि 'मी आधी बघतो'. तिसऱ्या शेऱ्याचे सिनेमे आप्पा रात्री एकटेच, आवाज बंद करून बघतात. काकू त्यावर काही बोलत नाहीत. पण त्यांचं न बोलणं दोन खोल्यांपर्यंत ऐकू येतं.

सरकारी सेन्सॉरवर आप्पांचा विश्वास नाही. 1983 पर्यंत कारभार कसा सुटसुटीत होता: सगळ्यांसाठी 'यू', प्रौढांसाठी 'ए'. मग मध्येच 'यूए' आलं, आणि 2024 च्या नियमांनी त्याचेही सात, तेरा, सोळा असे तुकडे केले. "थोरला बारा वर्षं दहा महिन्यांचा आहे. म्हणजे सिनेमा दोन महिने पोस्ट रेस्टांतला ठेवायचा का?" पालकांनी ठरवावं असा त्या शिक्क्यांचा अर्थ असल्याचं कळल्यावर मात्र ते निवळले. घरातला पालक कोण, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं केव्हाच निकालात निघाला होता.

वाहिन्यांवरच्या सिनेमांना पाणी पुरतं. पण मोबाइलचे सिनेमे टीव्हीवर आले आणि आप्पांच्या हाती दहा सेकंद पुढे नेणारं बटण लागलं. त्याच्याच शेजारी दहा सेकंद मागे नेणारं बटण असतं. चष्मा कपाळावर आणि गडबड जिवाची! परवा एक चुंबन आम्ही सगळ्यांनी मिळून तीनदा पाहिलं. चौथ्या खेपेला थोरला म्हणाला, "आजोबा, द्या इकडे," आणि त्यानं ते एका झटक्यात ओलांडून दिलं. त्याला ही सवय कुठून लागली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आप्पांची चाळणी तेवढ्या एकाच भोकाची. बाकी सगळं तिच्यातून आरपार जातं. 'अशी ही बनवाबनवी' आम्ही दर सुट्टीत बघतो. भाड्याच्या खोलीसाठी घरमालकिणीला सिनेमाभर फसवणारी ती चौकडी पोरांना तोंडपाठ आहे. "निर्मळ विनोद," असा आप्पांचा दाखला. लक्ष्मीकांत बेर्डे आहे म्हणून 'झपाटलेला'ही पास झाला. त्यात गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पुढचे आठ दिवस थोरला बहिणीच्या बाहुल्या कपाटात कोंडून, कपाटाला खुर्ची टेकवून झोपला. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "पण नको ते काही होतं का त्यात?" 'सैराट'ला मात्र ठाम नकार, तोही गाण्यांतल्या प्रेमापायी. मध्यंतराआधीच ते थिएटरातून बाहेर पडले होते. शेवट काय आहे, हे त्यांना अजून ठाऊक नाही. त्या शेवटावरच नकार दिला असता, तर मीही सही केली असती.

या दिवाळीत मुलांच्या मते दोनच सिनेमे झाले. 'इनसाइड आउट 2' कार्टून म्हणून न बघताच पास. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात चिंता नावाची पाहुणी येते आणि सगळा कारभार हातात घेते. आप्पा पहिल्या पंधरा मिनिटांत घोरू लागले. संपल्यावर धाकटी म्हणाली, "माझ्याही डोक्यात ती आहे. गणिताच्या तासाला येते." आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसलो.

दुसरा 'नाळ'. नदीकाठचं गाव, लहान पोर, चुंबनाची शंकाच नाही. आप्पांनी डोळे मिटून शिक्का मारला. पण त्यातल्या चैत्याला एक दिवस कळतं की आपण जिला आई म्हणतो, तिनं आपल्याला जन्म दिलेला नाही. मग तो तिच्याकडे निराळ्याच नजरेनं बघू लागतो. धाकटीनं हळूच माझ्या बायकोचा पदर धरला. "आई, मी तुझीच ना?" बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सिनेमा मीच काढलाय. मी आप्पांकडे पाहिलं, पाणी मागवतील म्हणून.

आप्पांनी काही मागवलं नाही. रिमोट मांडीवरून घरंगळून सतरंजीवर पडला होता. चष्मा हातात होता आणि तो पुसायचं निमित्त करून ते बराच वेळ तोच तो कोपरा पुसत होते. काकूंनी उठून दिवा लावायला हात नेला आणि मागे घेतला.

धाकटी कुणी न सांगता उठली. स्वयंपाकघरातून पेला भरून आणला आणि आप्पांच्या हातात दिला.

त्यांनी तो एका दमात संपवला. मग पुन्हा आईच्या पदराला लटकलेल्या तिच्याकडे न बघताच म्हणाले, "अजून एक आण."