विकलेल्या बंदुकीचा नेम

घरात असलेली बंदूक कधीमधी चुकते. विकलेली कधीच चुकत नाही. पटत नसेल तर कोल्हापूरकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्यात चहाच्या वेळी जाऊन बसावं. तिथे एक आबासाहेब असतातच. खरं नाव काहीही असो, आपण आबासाहेब म्हणू. वय सत्तरीला टेकलेलं, मिशीला अजून पीळ, मागच्या भिंतीवर आजोबांनी मैसूरच्या व्हॅन इंगेनकडून पेंढा भरून आणलेलं गव्याचं मुंडकं आणि त्याच्याखाली दोन रिकाम्या खुंट्या. आपली नजर चुकून त्या खुंट्यांकडे गेली की पुढचा तासभर आपला नसतो.

"हितं होती," आबा म्हणतात. कोण, असं विचारायचं नसतं.

होती ती विंचेस्टर कंपनीची १८९५ च्या बनावटीची, ४०५ बोअरची रायफल. चापाभोवतीची कडी खाली ओढली की तिचं अख्खं पोट उघडं पडायचं, वर घेतली की काडतूस नळीत. १९०९ मध्ये रूझवेल्टसाहेब असलीच रायफल घेऊन आफ्रिकेत सिंहांच्या मागे गेले होते, आणि बंगळूरचे केनेथ अँडरसन नरभक्षक वाघांमागे हिंडायचे तेही असलीच घेऊन. हे दोघे आबांच्या बोलण्यात अशा सलगीने येतात की ते थोरल्या आत्याबाईंच्या सासरचे असावेत असं वाटतं. दस्त्याच्या टोकाला पोलादी पट्टी होती, तीही आत वळलेली. त्यामुळे बार उडाला की दोन जीव कळवळायचे, एक समोरचा आणि एक मागचा. आबा आजही पाऊस पडायच्या आधी उजवा खांदा चोळतात. सांधेवाताचं निदान त्यांनी कधीच मान्य केलेलं नाही.

आबांच्या शिकारकथा ऐकताना एक पथ्य पाळावं. त्यांचं वय आणि कायद्यांची सालं शेजारी शेजारी मांडू नयेत. दाजीपूरचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा आबा दुपट्यातून नुकतेच सुटले होते. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आबांना मिसरूड फुटत होतं. परवान्यावर थोडीफार शिकार त्यानंतरही चालू होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. एवढ्याशा फटीतून आबांनी चार बिबटे, एक अस्वल आणि असंख्य डुकरं बाहेर काढली आहेत. सोप्यात वनखात्याचं कुणी येऊन बसलं, की ती सगळी जनावरं एका वाक्यात आजोबांच्या नावावर चढतात. पाहुणा गेला की सात-बारा पुन्हा फिरतो.

खरं म्हणजे आबांच्या हयातीत त्या रायफलीने पाहिलं ते तेल, फडकं आणि पोलीस ठाणं. कुठलीही निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस यायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद करत लोकशाहीने ती रायफल जेवढी हिंडवली तेवढी आबांनी हिंडवली नाही. परत आली की आबा भिंग घेऊन गंजाचा ठिपका शोधायचे, आणि सापडला की आठवडाभर त्यांना बोलायला विषय असायचा.

मग २०१९ आलं. शस्त्र कायदा बदलला आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची असं ठरलं. आधीच्या मसुद्यात तर एकच होतं. खासदारांनी ओरडा केला म्हणून दोन झाली. आबांकडे नेमकी तीन. आजोबांची ही रायफल, वडिलांची बारा बोअरची दुनळी, आणि स्वतः आबांनी हौसेने घेतलेलं कानपूरचं रिव्हॉल्व्हर. एक काढायचं होतं. ४०५ ची काडतुसं मिळायची मारामार. दुनळीची मिळत. रिव्हॉल्व्हरचा प्रश्नच नव्हता, कारण ते कमरेला लावून लग्नात जाता येतं, आणि कोल्हापुरात एवढं कारण पुरतं. रायफल निघाली.

आपलं हत्यार दुसऱ्याला विकायचं तर कायद्याने आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. नोंदणी विवाहाच्या नोटिशीला तीस दिवस पुरतात. म्हणजे बायको करण्यापेक्षा बंदूक सोडण्यावर माणसाने दीडपट विचार करावा अशी सरकारची अपेक्षा आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. आबांनी मात्र त्या दिवसांत काडीचाही विचार केला नाही. "अडगळ गेली म्हणायची," असं ते येईल-जाईल त्याला सांगत होते. पुण्याच्या एका हौशी बिल्डरने एका बऱ्यापैकी म्हशीच्या पैशात ती नेली, तेव्हा आबांनी त्याला वर जेवायलाही घातलं. तांबडा-पांढरा, दोन्ही.

बिल्डरची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि पश्चात्ताप सुरू झाला. पहिल्या वर्षी रायफल "बरी होती". दुसऱ्या वर्षी "तशी नळी आता बनत न्हाई." तिसऱ्या वर्षी आलेल्या पैशात म्हैसच काय, ट्रॅक्टर आला असता. आता तर ती तीनशे पावलांवरून नारळाचा देठ तोडायची. विकण्याआधी आबांना कुणी "शिकारी" म्हटल्याचं गावाला आठवत नाही. आता पंचक्रोशीत त्यांची ओळखच ती आहे. पुरावा घरात होता तोवर कुणीही "दाखवा बघू चालवून" म्हणू शकत होतं. तो पुण्याला गेला आणि आबांचं तोंड मोकळं झालं.

दर दसऱ्याला, खंडेनवमीची पूजा आटोपली की आबा बिल्डरला फोन लावतात. "तेल कुठलं घालता? नुसतं दाखवायला ठेवू नका हो, कडी खाली-वर करत जावा." बिल्डर मर्यादेने ऐकून घेतो. यंदा आबांनी धीर करून विचारलंच, परत देता का? तो म्हणाला, द्यायला काय, पण तुमच्या परवान्यावर जागा कुठाय?

तेव्हापासून सोप्यात नवीन वारं आहे. आबा दुनळी मांडीवर घेऊन बसतात. वडिलांनी तिने पाडलेला डुक्कर गेल्या महिन्यात दोन मणांचा होता, परवा तो साडेतीनवर गेला. म्हणजे ती विकायचं जवळपास ठरलंय.

"अहो, एवढं जीव जाळण्यापेक्षा ते कमरेचं विका की," वहिनीसाहेब पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता म्हणाल्या.

"काहीतरीच काय," आबा म्हणाले, "लग्नसराई तोंडावर आलीय."