पॉलिशर आणि बादली

टळटळीत उन्हात काळ्या सेडानच्या बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखडे दिसले, की मालकांच्या काळजात कळ येते. मग खरेदी सुरू. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर ८ मिलिमीटर थ्रोचा (म्हणजे पॅड हेलकावतं ते अंतर), १५ चा की २१ चा? मुलाची शाखा निवडतानाही घरात इतकी खलबतं झाली नव्हती. २१ चा सपाट बॉनेटवर झपाझप चालतो, पण वळणदार बंपरवर जरा दाबला की पॅड फिरायचंच सोडून नुसतं थरथरतं. दुकानदार हे सांगत नाही. त्याच्याकडे २१ चाच शिल्लक असतो.

पॅडांचं तर विचारूच नका. लोकर, मायक्रोफायबर, फोम, फोमातही रंगपंचमी. एका कंपनीचा पिवळा नाजूक काम करतो, दुसरीचा पिवळा सालटी काढतो. हौशी माणूस अर्थातच थेट लोकरीला हात घालतो. रंगावरच्या पारदर्शक क्लिअरकोटचा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉन, आणि पॉलिश म्हणजे तोच थोडा थोडा झिजवणं, हे त्याच्या गावीही नसतं. आधी दीड फुटाच्या चौकोनात मऊ फोम चालवून बघायला कमीपणा वाटतो.

अखेर बॉनेटमध्ये तोंड दिसू लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी पुसणारा येतो: एक बादली, एक फडकं, रांगेतल्या सगळ्या गाड्या. ओरखडे आले होते ते त्या फडक्यातल्या मातीनेच. तेव्हा पॉलिशर घेण्याआधी त्याला दुसरी बादली आणि चार स्वच्छ मायक्रोफायबर फडकी घेऊन द्या.