सरताज गीत आणि भुट्ट्याचा कीस

इंदूरच्या राजवाड्यासमोर विषय निघतो, सराफ्यात निकाल लागतो आणि हरणारा भुट्ट्याचा कीस खिलवतो. कुणी नुसतं "1967?" म्हटलं, की मी डोळे मिटून सांगतो, "'मिलन'. लक्ष्मीकांत-प्यारेलाल." डोळे मिटायची गरज नसते, पण व्यासंग दिसायला हवा ना! "1966?" "'सूरज'. शंकर-जयकिशन. पुढचं विचारा, भिया." गळ्यात सूर औषधालाही नाही, पण रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेची वार्षिक सरताज, म्हणजे पहिल्या क्रमांकाची, गाणी पाढ्यांसारखी पाठ.

1953चा प्रश्न मी दुसऱ्याच्या तोंडून काढून घेतो. तेव्हाचं सरताज 'अनारकली'तलं. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आवाज लताबाईंचा. आणि लताबाई जन्मल्या कुठे? इथेच, सिख मोहल्ल्यात! हे मी अशा थाटात सांगतो, जणू बारशाच्या घुगऱ्या मीच वाटल्या. आकाशवाणीवर सिनेसंगीताला दार बंद करणारे मंत्री केसकरही मराठीच, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले ते त्यामुळेच. पण एवढा भाग मी घाईत उरकतो.

माझं खरं दुखणं मात्र झुमरीतलैया. अभ्रकाच्या खाणींचं ते गाव फर्माइशी धाडून धाडून देशभर गाजलं. तिथल्या लोकांना कामधंदा नव्हता का? पोस्टकार्डं फुकट मिळायची का? लता जन्माला घातली आम्ही, किशोरकुमारला कॉलेजात बसवलं आम्ही, आणि निवेदकाच्या तोंडी नाव कुणाचं, तर झुमरीतलैयाचं! इंदूरकर पोह्यांवर जिरावण टाकत बसले, तिकडे त्यांनी कार्डं टाकली. हा अन्याय सांगताना माझा कीस हमखास गार होतो.

हल्ली मी प्रत्येक पैज जिंकतो आणि तेच खटकतं. पूर्वी रामबागेतल्या आमच्या वाड्यात बुधवारी आठला एका रेडिओभोवती सगळी बिऱ्हाडं जमायची. माझं उत्तर संपायच्या आत तिघं तरी "चूक!" म्हणून ओरडायची. त्यातली काही पुण्याला गेली, काही अमेरिकेला, काही कायमचीच. आता भाचा मोबाइलमध्ये बघून "बरोबर आहे, मामा" म्हणतो. इतक्या शांतपणे बरोबर ठरण्यात काय गंमत? भांडायला तयारीचा माणूस लागतो.

परवा त्यानेच विचारलं, "मामा, गेल्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं कुठलं?"

मी डोळे मिटले. "गीतमाला 1994ला संपली. त्यापुढचं अभ्यासक्रमात नाही. कीस सांग, आणि लिंबू जास्त पिळायला सांग."