सत्पुरुष, गुळव्या आणि माँटेक्रिस्तो

हवाना सिगार नीट ओढायला सव्वा तास तरी लागतो. पुणे जिल्ह्यात सरकारने, बायकोने आणि वाऱ्याने सलग सव्वा तास मोकळी सोडलेली जागा शोधणं हे सिगार मिळवण्यापेक्षा अवघड काम आहे. सरकारने २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे नेमका गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, सार्वजनिक जागी ओढायला बंदी कडक केली. आमच्या घरात ती त्याच्याही आधीपासून आहे आणि तिथला दंड दोनशे रुपयांत भागत नाही.

सिगार भाच्याने दुबईहून आणलेला. विमानतळावर माणशी पंचवीस सिगार सोडतात. भाच्याने एकच आणला, यावरून मामाचा बाजारभाव कळावा. पण आणला तो साधा नव्हता. माँटेक्रिस्तो दान्तेस, 'एदिसिओन लिमितादा' २०१६. क्युबाची सिगार कंपनी २००० सालापासून दरवर्षी असे मोजकेच, एकदाच निघणारे सिगार बाजारात सोडते. आधी फक्त वरचं पान जुनं असायचं. २००७ पासून आतलं-बाहेरचं सगळंच पान निदान दोन वर्षं मुरवलेलं असतं. अंगावर दोन कागदी पट्ट्या, एक ब्रँडची आणि दुसरी काळी-सोनेरी, सालासकट. लांबी १६७ मिलिमीटर. जाडी अठ्ठेचाळीस. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे हिशेब केला तर सरळ पाऊण इंच. पण पाऊण इंच म्हटलं असतं तर किंमतही पाऊणच लावावी लागली असती.

सोबत मोबाईलवर एक तक्ता आला. सिगारचे तीन भाग पाडायचे, प्रत्येक भागाची चव निराळी नोंदवायची, ओढ कशी, जळण कसं, राख किती टिकते ते लिहायचं आणि शेवटी शंभरपैकी गुण द्यायचे. चवीच्या नमुन्यादाखल शब्दही दिले होते: देवदार, कातडं, कोको, भाजलेली कॉफी, ओली माती आणि गोठा. गोठा! मला आधी वाटलं ही तक्रार असेल. नाही, ती तारीफ होती. आमच्या आजीने जन्मभर गोठा उपसला, तिला कुणी शंभरपैकी दहाही दिले नाहीत.

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचा मेव्हणा फोनवर म्हणाला, "दाजी, इकडं या. रान मोकळं हाय, ताई संगं नाय, आन् तंबाखूची पारख असलेली मानसं पुण्यात कुठं घावायची तुम्हाला?"

शेवटचं वाक्य जरा झोंबलं, पण खोटं नव्हतं. तंबाखू मूळची क्युबाकडचीच. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ मध्ये क्युबात लोकांना पानाच्या पेटत्या सुरळ्या ओढताना पाहिलं. पुढे पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. अकबराला पहिली चिलीम मिळाली ती मात्र दख्खनमुळे: असदबेग नावाचा त्याचा सरदार १६०४ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू घेऊन गेला होता. म्हणजे बादशहाला ठसका लागला तेव्हा आपल्याकडची मंडळी सरावलेली होती. परीक्षक मंडळ शिरूर-दौंडकडचंच हवं, हे मी ठरवून टाकलं.

सिगार ओल्या फडक्यात गुंडाळून पोळीच्या डब्यात ठेवला. त्याला हवेत पासष्ट-सत्तर टक्के दमटपणा लागतो, आणि शिरूर, दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत. तिथे एवढा दमटपणा माणसाच्या डोळ्यांतसुद्धा एखाद्या वर्षीच, पिकाची नजर आणेवारी जाहीर झाल्यावर दिसतो.

एसटी नगर रोडला लागली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेले इंग्रज कॅप्टन स्टॉन्टनचे शिपाई तोफा घेऊन, पायी चालत सकाळपर्यंत कोरेगावला पोचले होते. आम्ही डिझेलवर, डांबरी रस्त्याने उलट दिशेला निघालो होतो आणि वाघोलीच्या चौकात शेजारच्या प्रवाशाची भेळ खाऊन, हात पुसून, झोप काढून झाली तरी तोच चौक होता. शिक्रापूरला पुन्हा तेच. मधल्या वेळात ओढायला सिगार हाताशी असून ओढता येत नाही, याला काय म्हणावं ते तक्त्यात नव्हतं.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीवर मेव्हणा पिकअप घेऊन थांबला होता आणि त्याने बातमी आधीच फोडलेली होती. डबा उघडला तर भोवती दहा-बारा डोकी. "बाळासाहेबांच्या हातात असायचा त्यो ह्योच का?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने किंमत विचारली. भाच्याने ती मला सांगितलेली नाही असं मी म्हणालो, त्यावर "म्हंजे लईच आसंल" असा एकमुखी निकाल झाला.

बाकावर एक आबा बसले होते. टोपी, धोतर, मांडीवर चंची. त्यांनी सिगार नाकाखालून आडवा फिरवला, बोटांनी हळूच दाबला, कानाशी नेऊन ऐकला. हे तिन्ही सोपस्कार तक्त्यात पहिल्या पानावर आहेत आणि आबांकडे मोबाईल नव्हता. मग त्यांनी विचारलं, "टोकाकडून बंद हाय. फोडायचा कशानं?" यासाठी दोन पात्यांची खास कातरी मिळते, ती भाच्याने दिली नव्हती, हे मी सांगितलं. आबांनी चंचीतून पितळी आडकित्ता काढला. सिगारची टोपी फक्त वरची दोन मिलिमीटर उडवायची असते. जास्त गेली तर पान उलगडतं आणि तोंडभर चुरा होतो. आबांनी जन्मभर सुपारी कातरलेली. एक 'कट' आवाज झाला आणि टोपी वाटाण्याच्या सालासारखी त्यांच्या तळहातावर पडली. ती त्यांनी टाकली नाही. चुन्याचं बोट लावून तिथल्या तिथे मळली, गालात धरली, थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गोडसर हाय. पन किक न्हाय." ही पहिली अधिकृत नोंद.

टपरीवर पेटवता येईना. समोरच हवालदार चहा पीत होता. तेव्हा कुणीतरी सत्पुरुषाचं नाव काढलं. हा सत्पुरुष म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस, असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली लढलेला इंग्रज. १८०९ मध्ये तो शिरूरला वारला. त्याच्या थडग्याला आसपासच्या गावचे लोक सत्पुरुषाचं स्थान मानू लागले आणि सुगीचं पहिलं धान्य नैवेद्य म्हणून नेऊ लागले, असं पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे. मी पंडिती दाखवत सांगितलं की लखनौच्या मूसाबागेत १८५८ मध्ये मेलेल्या एका इंग्रज कॅप्टनच्या थडग्यावर लोक पेटत्या सिगारेटी ठेवतात, त्याला कप्तानबाबा म्हणतात. मग आपल्या कर्नलला सिगार का नको? आबांनी गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला केली.

"आमचा सत्पुरुष हाय," ते म्हणाले. "त्याला धान्य चालतं. त्याला आनि वाईट सवयी लावू नगा."

लखनौ आणि शिरूर यांतला फरक मला याहून थोडक्यात कुणी सांगितलेला नाही.

न्हावऱ्याला रान मोकळं होतं, पण ते उसाचं होतं. तोडणी झालेल्या फडात गुडघाभर पाचट पसरलेलं आणि पलीकडे चुलत्यांचा उभा ऊस. मी काडी काढली मात्र, चुलते बांधावरून ओरडले. पाव्हणा नवा, त्यात जावई, म्हणून शिव्या आखडत्या घेतल्या एवढंच. मग पिकअप चौफुल्याच्या रस्त्याला लागली. पारगावला भीमेच्या पुलाजवळ थांबून पाहिलं, तर वाऱ्याने काड्यांची अख्खी पेटी खाल्ली. सिगार पेटवताना आच जवळ न्यायची पण टेकवू द्यायची नाही, गोल फिरवत कडा लाल करायच्या, असं शास्त्र आहे. भीमेचा वारा शास्त्र पाळत नाही.

केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर लांबूनच दिसतो. मेव्हण्याने ओळखीच्या गुऱ्हाळावर गाडी वळवली. आमच्या धुराची इथे कोण दखल घेणार? मी फक्त चुलवाणात डोकावून आज चिपाडंच जळतायत ना याची खात्री करून घेतली, कारण हल्ली काही ठिकाणी त्यात टायर आणि चपलाही जातात, आणि तक्त्यात 'कातडं' आहे, 'चप्पल' नाही.

काहिलीवर गुळव्या उभा होता. गुऱ्हाळात मालकापेक्षा त्याचा शब्द मोठा, कारण पाक केव्हा आला हे फक्त त्याला कळतं. रस उकळतो, भेंडीचं पाणी टाकून मळी वर आणतात, ती काढतात, मग बुडबुड्यांचा आकार बदलत जातो. आधी बारीक फेस, मग सुट्टे, मग जाड, संथ, चिखलासारखे 'फट्ट' फुटणारे. शेवटी गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळतो. गोळी भांड्याच्या कडेवर आपटून वाजली की काहील उतरवायची. अर्धं मिनिट उशीर झाला तर गूळ करपला, अर्धं मिनिट आधी उतरवली तर गूळ बसत नाही. असल्या माणसापुढे मी माझा तक्ता खिशातच ठेवला.

त्याने पेटतं चिपाड उचललं आणि सिगारचं तोंड लाल केलं, आच न टेकवता, गोल फिरवत. मग प्रश्न आला उष्ट्याचा. परीक्षक पाच, सिगार एक. गुळव्याने उपरण्याचं टोक पाण्यात बुडवून पिळलं, चिलमीला छापी लावतात तसं सिगारच्या बुडाशी धरलं, वर मूठ वळली आणि अंगठ्याच्या बेचक्यातून ओढलं. ओठ लागायचा प्रश्नच मिटला. हवानातल्या कारागिराने हे पाहिलं असतं तर तो एकतर रडला असता किंवा इथेच राहिला असता.

"आत घेऊ नका," मी सांगितलं, "सिगारचा धूर तोंडातच घोळवायचा असतो."

"मंग कशापायी वढायचा?" पाठीमागून एक विडीवाला म्हणाला आणि त्याने जोरात आत घेतला. पुढची पाच मिनिटं तो हौदाजवळ बसून होता.

गुळव्याने मात्र धूर नाकातून हळू सोडला. जाणकार हेच करतात. त्याला परदेशी नावही आहे. मग तो म्हणाला, "पान कच्चं न्हाय. थप्पी लावून घाम काढलाय त्याचा. आन् एकदा न्हाय, दोनदा तरी." हे अक्षरशः खरं आहे. क्युबात तंबाखूच्या पानांचे ढीग रचून ती आपल्याच उष्णतेने मुरू देतात, आणि असल्या सिगारसाठीची गडद पानं पुन्हा मुरवतात. मी विचारलं, कसं ओळखलंत? तो काहिलीकडे बघत म्हणाला, "कच्च्या रसाचा वास आन् पाकाचा वास येगळा आस्तो का न्हाय?"

दान्तेस म्हणजे काय, असं चिपाडं सारणाऱ्या पोराने विचारलं. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक चाल आहे: सिगार वळणारे रांगेत बसतात आणि उंच चौरंगावरून एक वाचक त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. त्यांना 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' इतकी आवडली की सिगारचं नावच तसं पडलं, आणि दान्तेस हा तिचा नायक. मग मी गोष्ट सांगत बसलो. लग्नाच्या मांडवातून पोलिसांनी उचलला, जवळच्यांनीच खोटी चिठ्ठी लिहिलेली.

"भावकी," गुळव्या म्हणाला.

भावकी नव्हती, ओळखीतलेच जळणारे होते, असं मी सांगितलं. कुणाला पटलं नाही. जमीन किती होती याची चौकशी झाली. चौदा वर्षं बेटावरच्या तुरुंगात गेली हे ऐकून मेव्हणा म्हणाला, "चौदा? आमची वाटपाची केस अजून तारखांवरच हाय." दान्तेस मेलेल्या कैद्याच्या जागी पोत्यात शिरतो आणि पहारेकरी त्याला समुद्रात फेकतात, इथे आलो आणि गुळव्याने हात वर केला. गोळी वाजली होती. काहील उतरेपर्यंत कथा बंद. त्यादरम्यान सिगार विझला, आणि पोरगं मात्र पोत्यातला माणूस बाहेर कसा आला ते विचारत पिकअपपर्यंत मागे आलं.

उरलेला सिगार स्टीलच्या डब्यात घालून दौंड गाठलं. दौंडात तंबाखूचं आणि रेल्वेचं नातं जुनं. मनमाडची लाइन १८७८ मध्ये इथे येऊन मिळाली, आणि मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना इथे इंजिन काढून उलट्या टोकाला लावावं लागे. झेलम एक्सप्रेसचे प्रवासी तेवढ्यात खाली उतरून धूर सोडत. आता फलाटावर ओढायला बंदी आहे आणि काही गाड्या बाहेरच्या कॉर्ड लाइनवरून परस्पर जातात. दौंडचा चहावाला दोन्ही गोष्टींना सारखाच वैतागलेला.

मेव्हण्याच्या ओळखीचे ड्रायव्हरकाका, वाफेच्या इंजिनावर उमेदवारी केलेले, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. विझलेला सिगार पुन्हा पेटवला की कडवट लागतो, हे मी आधीच सांगून ठेवलं. त्यांनी दुर्लक्ष केलं. एक झुरका घेतला. "व्हॅक्यूम बरोबर आहे," ते म्हणाले. गाडीच्या ब्रेकला एकवीस इंच व्हॅक्यूम लागे, तसा सिगारच्या ओढीलाही नेमका जोर हवा. सैल असेल तर गरम होतो, घट्ट असेल तर गाल दुखतात. मग धुराकडे पाहिलं. "काळा धूर म्हणजे फायरमन नापास. हा निळसर आहे. कोळसा पूर्ण जळतोय." राख बोटभर लांब, करडी, न पडता टिकून होती, ती त्यांनी तुळशीच्या कट्ट्यापासून लांब, नालीत झटकली.

आणि चव? तिसऱ्या भागाची चव काय लिहू?

"मनमाड," काका म्हणाले. "पहाटेचं. चहा आणि धूर."

मंडळाचा निकाल असा. बनावट आणि ओढ: उत्तम. जळण: उत्तम, वारा सोडून. पहिला भाग: गोडसर, चुन्यासकटही. मधला भाग: काकवी, भाजलेलं चिपाड, आणि हो, गोठा, इथे तो गुण मानला गेला. शेवटचा भाग: मनमाड. किक: नाही, असं शिरूर, आहे, असं विडीवाला. शंभरपैकी पंच्याऐंशी. पंधरा कापले ते एवढ्या पैशात पाच जणांना मिळून एकच आला म्हणून.

कुणाला आपला सिगार तपासून घ्यायचा असेल तर गुऱ्हाळांचा हंगाम संपायच्या आत केडगावला जावं. गुळव्या फी घेत नाही, पण काकवीची एक बाटली विकत घ्यावीच लागते, आणि दान्तेसची उरलेली गोष्ट सांगितल्याशिवाय ते पोरगं गाडी हलू देणार नाही.