आधी डिसमिस, मग शर्यत

आमच्या जोयडा तालुक्यात वीज जन्माला येते आणि लगेच नोकरीनिमित्त बाहेरगावी निघून जाते. गणेशगुडीला काळी नदीवर सुपा धरण आहे, 101 मीटर उंच, 1987 साली पुरं झालेलं. तिथे 50 मेगावॉटची दोन यंत्रं फिरतात. या धरणाच्या पाण्याखाली जुनं सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि उठलेल्या लोकांसाठी आमचं रामनगर वसलं. तालुक्याने एवढं सोसल्यावर त्या 100 मेगावॉटांतले मला फक्त पाच-सहा वॅट हवे असतात. तेही 12 व्होल्टने, जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या रस्त्यावरून, अर्ध्या वितीच्या एका लाल मोटारीच्या पोटात पोचलेले. ते सहजी पोचत नाहीत.

या खेळाला स्लॉट कार म्हणतात. काळ्या रस्त्यात खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते आणि जिभेलगतच्या तांब्याच्या दोन वेण्या पट्ट्यांवर घासत वीज वर घेतात. हातातल्या कंट्रोलरचा घोडा जितका दाबाल तितकी गाडी पळते. वळणावर तो सोडला नाही, तर गाडी थेट कपाटाखाली. इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस नावाचा गृहस्थ आधी किल्लीच्या गाड्या बनवायचा. 1957 मध्ये त्याने त्यांना वीज जोडली, ‘स्केलेक्स्ट्रिक’ म्हणून बाजारात आणल्या आणि पुढच्याच वर्षी कंपनी विकून मोकळा झाला. मला हा माणूस फार शहाणा वाटतो. दुरुस्तीची वेळ यायच्या आत निघून गेला!

‘स्केलेक्स्ट्रिक’ नावाच्या गाड्या आजही बनतात. आमचा संच त्यातला नव्हे. आमच्या संचाची कंपनी केव्हाच मिटली. खोक्यावर तिचा पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर टायर मागवणं म्हणजे पितरांना मनीऑर्डर करणं. संच आणला बहारीनच्या काकांनी, माझ्या लहानपणी. तेव्हा परदेशी खेळणी दुकानांत नसत, माणसांच्या बॅगांतून येत. काकांच्या बॅगेतून माझ्यासाठी हा खेळ, आईसाठी नायलॉनची साडी आणि बाबांसाठी टेपरेकॉर्डर निघाला. साडी अजून आहे. टेपरेकॉर्डरचं काय झालं, ते पुढे येईलच.

संचाचा पहिला वैरी पाऊस. आमच्याकडे जूनमध्ये आभाळ एकदा गळायला लागलं की मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी येते आणि लोखंड म्हणून जे जे घरात आहे ते तांबूस होतं. पट्ट्या गंजू नयेत म्हणून आईने रस्त्याचे तुकडे चुलीवरच्या माळ्यावर ठेवले, सोलांच्या शेजारी. गंज थांबला, पण धुराचा असा चिकट थर बसला की वीज त्याला हात लावेना. मग पॉलिश पेपरने घासणं, शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवणं, पुसणं. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, मी दोन दिवस आधीपासून रस्ता घासायला बसतो.

घासलेला रस्ता जोडला की दुसरं दुखणं. प्रत्येक सांध्यावर वीज थोडी सांडते. त्यामुळे वायर जोडलेल्या ठिकाणी गाडी सुसाट आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ती रांगते. यावर उपाय आहे. त्याच ट्रान्सफॉर्मरची जादा वायर ओढून पलीकडच्या तुकड्यालाही जोडायची. तोवर तिथे गाडीला मागून बोट लावावं लागतं. यात लाजण्यासारखं काही नाही. कॅसल रॉकचा घाट आमच्याच तालुक्यात सुरू होतो. तिथे 37 फुटांना एक फूट चढ आहे आणि गोव्याकडून वर येणाऱ्या भल्याभल्या आगगाड्यांनाही मागून इंजिन लावून ढकलतात. रेल्वेला चालतं, तर मला का चालू नये?

आता सुटे भाग. तांब्याची वेणी झिजली तेव्हा मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा देवासारखा धावून आला. जुनं कथील शोषून घ्यायची एक चपटी तांब्याची वेणी त्याच्याकडे असते. ती कापून लावली की गाडी उठलीच. मागचे टायर कडक होऊन जागच्या जागीच घसरू लागले. त्यांच्या जागी पंपाच्या दुकानातल्या ओ-रिंगा बसल्या. दुकानदाराने विचारलं, “मास्तर, पंप केवढा आहे?” मी म्हटलं, “पंप नाही, फेरारी आहे.” त्याने पैसे आधी घेतले.

कंट्रोलरमधली रेझिस्टन्सची तार तुटली, तेव्हा गणित कामी आलं. 230 व्होल्टवर 1000 वॅट ओढणाऱ्या शेगडीच्या कॉइलचा रोध सुमारे 53 ओहम निघतो. आमच्या कंट्रोलरला साधारण तेवढाच लागतो. घरात 1000 वॅटची शेगडी होती.

“अहो, शेगडी तापत का नाही?” बायकोने विचारलं.

“तिची कॉइल शर्यतीत आहे.”

त्या संध्याकाळी घरात फक्त गाडी गरम होती.

मोटरीची कथा मोठी आहे. मूळ मोटरीचे कार्बन झिजून संपले. जत्रेतल्या चिनी गाडीतून मोटर काढली. अगदी त्याच मापाची, पण 3 व्होल्टची. 12 व्होल्ट मिळताच ती उभ्या जन्मात धावायचं तेवढं काही फेऱ्यांत धावली आणि धूर सोडून निवृत्त झाली. मग नजर टेपरेकॉर्डरवर गेली. त्याची मोटर 12 व्होल्टचीच, फक्त जरा ऐसपैस. बॉनेट कापून ती बसवली, तर ती वर अशी आली की गाडीने डोक्यावर टोप घेतलाय असं वाटावं. पण टेप एकाच चालीत वाजावी म्हणून या मोटरीच्या पोटातच वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर असतो. घोडा जरा जास्त दाबा, पुरा दाबा, गाडी आपल्याच चालीने जाणार. सरळ रस्त्यावर पळणार नाही, वळणावर पडणार नाही. आईला आजवरच्या सगळ्या गाड्यांत हीच आवडली. “गाडी अशी असावी,” ती बाबांना म्हणाली. बाबा टेपरेकॉर्डरच्या रिकाम्या पोटाकडे बघत होते.

शेवटी बेळगावला गेलो. जुन्या सामानाच्या दुकानात फुटक्या पंख्यांच्या ढिगाखाली आमच्याच कंपनीचा एक मेलेला संच निघाला.

“मास्तर, हे चालत नाही की हो.”

“म्हणून तर घेतोय.”

“चालणारं खेळणं दुसरं दाखवतो की.”

“चालणाऱ्याचं मी काय करू?”

दुकानदाराने माझ्याकडे आणि मग माझ्याबरोबर कुणी मोठं माणूस आलंय का ते बघितलं. त्या संचातली मोटर शाबूत होती. ती आमच्या गाडीत गेली, आमची फुटकी जीभ तिकडे गेली. एक संच जिवंत झाला, दुसरा आणखी थोडा मेला, आणि माझ्याकडे बिस्किटांचा एक डबा भरेल एवढे सुटे भाग जमले.

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला. त्याच्यासमोर गाडी सोडली. पूर्ण वेढा, एकही ढकलणी नाही! मी घामाघूम होऊन टाळी वाजवली.

“मामा, पण जिंकलं कोण?” त्याने विचारलं.

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हतीच. तिचे पुढचे टायर पहिलीला आहेत, तिचा आस पहिलीत आहे, तिचं चुंबक मी जपून ठेवलंय. शर्यत म्हणजे फक्त दुरुस्ती झाली की नाही याची तपासणी असते. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि खिशातून मोबाइल काढला. सहज बघितलं, तर त्याचं चार्जिंगचं भोक सैल झालं होतं. मी डिसमिस आणायला उठलो, तर तो मोबाइल घेऊन अंगणात पळाला.

आता अडचण वेगळीच आहे. डब्यातल्या सुट्या भागांना बसायला गाडी उरलेली नाही. आमची तर गेले कित्येक दिवस धड चालतेय, घरात मला करमत नाही आणि शेगडीकडे बघितलं की बायको मध्ये येऊन उभी राहते. कारवार, गोवा, बेळगाव या पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर असा जुना संच पडून असेल, तर जरूर कळवावं. किंमत योग्य मिळेल. चालू असलेला मात्र नको.