दाजींना काळा झेंडा

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी आमचे दाजी कुठल्याही वाहनात बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधू लागतो. लंडनला विमान उतरताना त्यांनी पुढच्या सीटखाली एवढ्या जोरात पाय रोवला, की तिथल्या बाईंनी वळून पाहिलं. "ब्रेक जरा आधी मारायला पाहिजे होता," दाजी माझ्या कानात म्हणाले, "पण पोरानं टेकवलं नीट."

नगर डेपोत 31 वर्षं ड्रायव्हर. विनाअपघात सेवेचा बिल्ला. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावरच धावली, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी सांगतात. माझी भाची, म्हणजे त्यांची लेक, लेस्टरला एका हॉस्पिटलात नर्स आहे. जावईबापू इंजिनिअर. ख्रिस्ती घरातला शांत मुलगा, निर्व्यसनी, असं चौकशीत कळलं होतं. मोटारीचं व्यसन चौकशीत कळत नाही.

"पप्पा, मामा, शुक्रवारी आमच्या मंडळींचा ट्रॅक डे आहे. येणार का?" जावईबापूंनी विचारलं.

मंडळी म्हणजे चर्चची, असं समजून दाजींनी स्वच्छ सदरा काढला, खिशात चष्मा आणि गीतांचं पुस्तक घातलं. मीही टाय लावला. सकाळी सहाला आम्ही निघालो ते थेट डॉनिंग्टन पार्कच्या शर्यतीच्या मैदानावर.

1931 साली एका जुन्या हवेलीच्या बागेतल्या रस्त्यांवर इथे मोटारसायकली पळवायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागा घेतली, तिथे लष्करी गाड्या उभ्या केल्या. मग ट्रॅक पडून राहिला तो 1977 पर्यंत. "म्हणजे मधे डेपोच होता," दाजी म्हणाले आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटू लागलं.

जावईबापूंचा गट वीसेक जणांचा. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल सगळे एका तंबूत, एका किटलीभोवती. आमच्या नगरला एवढ्या चर्चची माणसं एका पंगतीला बसवायची तर आधी कमिटी नेमावी लागते, मग त्या कमिटीतले मतभेद मिटवायला दुसरी. इथे एकच प्रश्न विचारला जात होता: टायरमध्ये हवा किती ठेवलीस?

एक निवृत्त पाळक भेटले. सत्तरी ओलांडलेले, गळ्यात पांढरी कॉलर, हाताला ग्रीस. दाजींनी "जय ख्रिस्त" केलं आणि आपल्या नगरी इंग्रजीत सरळ मुद्द्यालाच हात घातला: चर्चला हे चालतं का?

पाळक हसले. लंडनच्या हॅकनी विक भागात 1959 साली चर्चने तरुणांसाठी एक क्लब काढला होता, त्याचं नावच 'फिफ्टी-नाइन क्लब'. तिथले फादर बिल शेरगोल्ड स्वतः मोटारसायकल चालवायचे. चामडी जाकिटातली, फटफट्या उडवणारी जी पोरं पाहून गाव दारं लावून घेई, त्यांच्या अड्ड्यावर, एस कॅफेत हे फादर गेले आणि त्यांना चर्चला या म्हणाले. पोरं आली, फटफट्यांसकट. "तेव्हापासून चर्चला चालतं," पाळक म्हणाले. "शेजाऱ्यांना चालत नाही."

शेजाऱ्यांसाठी आवाजाची तपासणी असते. एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर मायक्रोफोन धरतात आणि इंजिन जेवढं पळू शकतं त्याच्या पाऊण वेगाने रेटायला लावतात. त्या दिवशीची मर्यादा होती 98 डेसिबल. पाळकांचा स्वतःचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोहोचत नव्हता, पण त्यांची जुनी मिनी 97 भरली. नेमकं तेव्हाच डोक्यावरून एक विमान गेलं. ईस्ट मिडलँड्स विमानतळ ट्रॅकला खेटूनच आहे. तपासणारा माणूस कानावर हात ठेवून, विमान जाईपर्यंत थांबून, मिनीला म्हणाला: जरा जपून.

मग सूचनांची सभा. तिला हजर नसेल त्याला ट्रॅकवर सोडत नाहीत. दाजी पहिल्या रांगेत.

पहिली सूचना: ही शर्यत नाही. कोणी वेळ मोजायची नाही.

"म्हणजे वेळापत्रक नाही," दाजी मला म्हणाले. "मग आपलंच खातं आहे."

दुसरी: पुढच्या गाडीला ओलांडायचं ते फक्त डावीकडून, आणि पुढच्याने आपण होऊन वाट दिली तरच. त्याने दिवा दाखवला, वेग कमी केला, की जायचं. नाही दाखवला, तर मागे थांबायचं. तुमची गाडी कितीही महागाची असो.

दाजींनी ही सूचना दोनदा समजावून घेतली. नगर-पुणे रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला ती परीकथेसारखी वाटली असणार.

तिसरी: झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका. निळा म्हणजे मागे तुमच्याहून वेगवान कोणी आहे. लाल म्हणजे सगळ्यांनी हळूहळू परत या. काळा म्हणजे तुम्ही एकट्याने या, तुमच्याशी बोलायचं आहे. आमच्याकडे काळे झेंडे मंत्र्यांना दाखवतात, असं दाजींनी सांगितलं. सूचना देणाऱ्याने ते लिहून घेतल्यासारखं केलं.

चौथी सूचना ऐकून मात्र ते अस्वस्थ झाले. फेऱ्या मारून आलं की हँडब्रेक लावायचा नाही. ब्रेक इतके तापलेले असतात की पॅड डिस्कला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची, बस्स. दाजींनी लगेच चाकाखाली घालायला दगड शोधला. इंग्लंडच्या त्या टापटीप आवारात दगड कुठला? तेव्हा पाळकांनी एका खिशातून बायबल काढलं, दुसऱ्यातून लाकडी पाचर, आणि पाचर दाजींना दिली. दाजींचा इंग्लंडच्या चर्चवर तिथेच विश्वास बसला.

गाड्या सुटण्याआधी दोन मिनिटांची प्रार्थना झाली. मला आमचा दसरा आठवला. डेपोतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू. आपण ख्रिस्ती, तुम्हाला चालतं का, असं मी एकदा दाजींना विचारलं होतं. "हार गाडीला घातलाय, मला नाही," असं म्हणून त्यांनी डबल बेलवर गाडी काढली होती.

मी पाळकांच्या मिनीत बसलो. माझं काही झालं तर तक्रार करणार नाही, असं लिहून दिलं. हेल्मेटमध्ये डोकं घातल्यावर आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटतो. रेडगेटचं उजवं वळण घेतलं आणि पुढचा रस्ता खाली पडला. हे क्रेनर कर्व्ह्‌ज. उतारावर वळण, वळणातच उतार, आणि पाळक ब्रेकला हात लावीनात, म्हणजे पाय. तेविसावं स्तोत्र मला एरवी तोंडपाठ आहे. तेव्हा दुसऱ्या ओळीपलीकडे काही आठवेना. पाळक मात्र गाडी हाकता हाकता शांतपणे सांगत होते, की 1993 साली याच उतारावर, भर पावसात, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आयर्टन सेना गाड्यांमागून गाड्या ओलांडत गेला. पाचव्या नंबरवर ढकलला गेला होता, तो पहिली फेरी संपायच्या आत सगळ्यांच्या पुढे. 11 एप्रिल, ईस्टरचा रविवार.

"तुम्ही पाहिलंत?" मी ओरडून विचारलं.

"त्या सकाळी मी आयुष्यातला सर्वांत छोटा उपदेश केला," पाळक म्हणाले.

सेना बायबल वाचायचा. साओ पावलोला त्याच्या थडग्यावर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन आहे. हे सांगताना पाळकांनी गाडी एकदम हळू केली, दिवा दाखवला आणि मागच्या पोराला वाट दिली. तो गेला, तेव्हा त्यांनी मान लववली.

खाली उतरल्यावर माझे पाय बराच वेळ मिनीतच होते. तंबूत चहा चालला होता. कोणीतरी आलेक्स रिबेइरोची गोष्ट काढली. हा ब्राझीलचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर गाडीवर 'येशू तारतो' असं लिहून धावायचा. पुढे तो शर्यतीतली डॉक्टरांची गाडी चालवू लागला. 2002 साली ब्राझीललाच, सरावाच्या वेळी ही गाडी ट्रॅकच्या कडेला थांबली, रिबेइरोने उतरायला दार उघडलं आणि मागून हाइडफेल्ड नावाचा ड्रायव्हर आला. दार गेलं. रिबेइरोला खरचटलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, प्रभूची कृपा.

"कृपा खरी," दाजी म्हणाले. "पण मागे बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही. आमच्या कंडक्टरलासुद्धा कळतं." जावईबापूंनी भाषांतर केलं. पाळक म्हणाले, यावर एक अख्खा उपदेश होईल.

शेजारी एकजण गाडीच्या चाकाचे नट पान्याने आवळत होता. पुरेसा आवळला की पाना टक्‌ असा वाजतो. पहिल्या टक्‌ला तो म्हणाला, बायकोची तपासणी झाली. दुसऱ्या टक्‌ला म्हणाला, निकाल बरा नाही. तिसरा नट तो नुसता धरून बसला. जावईबापू त्याच्या शेजारी डांबरावर बसले, खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले. मग त्यांनीच पाना घेऊन उरलेले नट आवळले. हा माणूस असा चर्चमध्ये कोणाशी बोलला असता का, मला शंका आहे. चर्चमध्ये हातात पाना नसतो.

दुपारी दाजी जावईबापूंच्या होंडा सिव्हिकमध्ये बसले. मी पिटच्या भिंतीशी उभा. दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीला मागून एक पिवळी लोटस आली. जावईबापूंनी नियमाप्रमाणे दिवा दाखवला, वेग कमी केला. आणि दाजींनी, माळशेज घाटात मागच्या ट्रकला देतात तसा, अख्खा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढून हलवला: जा बाबा!

लोटस डावीकडूनच येणार होती. ती जागच्या जागी बिचकली. पुढच्याच वळणावर काळा झेंडा.

आवारात शिरलेल्या गाडीतून उतरताना दाजींचा चेहरा मला बघवेना. 31 वर्षांत एक मेमो नाही, आणि पहिला मिळाला तो साहेबाच्या देशात! अधिकारी उंचापुरा, गंभीर. हात बाहेर काढणं किती धोक्याचं, हे त्याने शांतपणे सांगितलं. मग विचारलं, ती खूण कसली होती?

दाजींनी पुन्हा हात करून दाखवला. "गो, ब्रदर. आय वेट. यू गो."

अधिकाऱ्याने ओठ दाबून हसू आवरलं. भावना बरोबर आहे, म्हणाला, फक्त ती दिव्याने दाखवायची.

संध्याकाळपर्यंत ती खूण तंबूभर झाली. किटलीपाशी, संडासच्या रांगेत, बिस्किटाच्या डब्याशी जो तो दुसऱ्याला कोपरापासून हात हलवून म्हणत होता: "जाऽ बाबा!" लोटसवाला पोरगा तर मुद्दाम येऊन शिकून गेला. 'बा'वर जोर कसा द्यायचा, हे दाजींनी त्याला सांगितलं.

शेवटची प्रार्थना पाळकांनी दाजींना करायला सांगितली, मराठीतच. दाजींनी डोळे मिटले. ब्रेक लागले त्याबद्दल, लोटस वाचली त्याबद्दल, पाचर मिळाली त्याबद्दल त्यांनी आभार मानले. नगर डेपोतल्या, आज रात्रीच्या मुक्कामी गाड्या घेऊन निघालेल्या ड्रायव्हरांना सांभाळ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, तो चाकाचे नट आवळणारा, त्याच्या घरात आधी जा. आम्हा तिघांखेरीज एकालाही शब्द कळला नाही. तरी नट आवळणाऱ्याचं 'आमेन' सर्वांत मोठं होतं.

परतताना एम-वन रस्त्यावर डावीकडून एक भला मोठा ट्रक आत शिरू पाहत होता. जावईबापूंनी वेग कमी केला. दाजींचा हात खिडकीकडे गेला आणि थबकला. त्यांनी काचेतून पुढे पाहिलं, वळून मागे पाहिलं. झेंडेवाला कोणी दिसत नव्हता.

काच हळूच खाली गेली.