वर्गवारीकाका

परगावच्या मराठी मंडळींत एक वर्गवारीकाका असतातच. चंडीगडचे आमचे काका आकडेवारीच्या खात्यातून निवृत्त झाले, पण माणूस दिसला की अजून त्यांच्या डोक्यात तक्ता उघडतो. 'लग्न झालंय का?' हा त्यांच्या मते भोचकपणा नव्हे. वैवाहिक स्थिती हा गुणात्मक चल. अविवाहित, विवाहित, विधुर, घटस्फोटित हे त्याचे स्तर. 'तू कुठल्या खणात?' एवढंच ते विचारतात.

त्यांचा आवडता विषय सेक्टर, म्हणजे चंडीगडच्या नंबर घातलेल्या वस्त्या. नवखा पाहुणा 'सतरापासून बावीस बरंच लांब असेल ना?' म्हणाला की काका खुर्ची पुढे ओढतात. "अरे, मधे नुसता रस्ता आहे! सतरा आणि बाविसाची सरासरी काढ बरं. साडेएकोणीस! तिथे रिक्षा नेऊन दाखव. हा आकडा नाही, नाव आहे. नॉमिनल! मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सने १९४६ सालीच सांगून ठेवलंय, फुटबॉलवाल्याच्या पाठीवरचा नंबर असतो ना, तसा. फार तर बहुलक काढ, म्हणजे सगळ्यात जास्त माणसं कुठल्या सेक्टरात ते." मग हुकमाचा पत्ता पडतो. मूळ आराखड्यात सेक्टर १३ नव्हताच. २०२० साली मनीमाजऱ्याला तो नंबर मिळाला. बारात पीजीआय इस्पितळ, चौदात विद्यापीठ, दोन्ही पश्चिमेला. आणि तेरा पार पूर्वेच्या टोकाला!

ऑर्डिनल ते चहावर शिकवतात. फिका, बेताचा, गोड : क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं असल्याची हमी नाही. "हमी हवी तर साखर स्वतः घाला," काकू आतून म्हणतात.

एका फॉर्मवर मातृभाषेला हिंदी, पंजाबी आणि इतर एवढेच रकाने होते. जन्मभर लोकांना 'इतर'मध्ये ढकलणारा हा गृहस्थ त्या दिवशी जेवला नाही.

परवा भाचीसाठी स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनिअर, पगार चांगला, घर चंडीगडातच. काकांचा पहिला प्रश्न : "सेक्टर आठ की अठ्ठेचाळीस?"

इथे एकआकडी सेक्टर म्हणजे तळ्याकडची हिरवळ, बंगला आणि दारात माळी, हे शेंबडं पोरही जाणतं.

"अहो, पण सेक्टर नॉमिनल ना?" काकूंनी विचारलं.

"आकडा नॉमिनल," काका चष्मा पुसत म्हणाले, "प्लॉट ऑर्डिनल."